सायकलीवरून पाहिलेला आपला मुलूख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, भजनात टाळ धरला, संक्रांतीला तिळगूळ वळले. पण बोलायला कधी उभी राहिले नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही चौघी सायकलीवर कुठे कुठे हिंडून आलात ते सांगा. गावात जे बोलले जाते त्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेले बरे." ते मला पटले. मी सातवी शिकलेली बाई. बोलण्यात उणेअधिक झाले तर पदरात घ्या.

सायकलीची गोष्ट माझ्या सातवीपासूनच सुरू होते, म्हणून तिथून सांगते.

माझे माहेर पाथरी-सेलू रस्त्यापासून थोडे आत, लहानशा गावी. गावातली शाळा सातवीपर्यंत. १९९४ साली मी सातवी पास झाले. आठवीचा वर्ग सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावी होता. भाऊ माझ्याहून एका वर्षाने मोठा. त्याच्यासाठी बाबांनी आदल्याच वर्षी कापसाच्या पैशातून सायकल घेतली होती. त्याच्या मागे बसून मी आठ दिवस शाळेत गेलेही. मग त्याचे सोबती हसू लागले, आणि त्याने मला नेण्याचे सोडले. मुलीसाठी दुसरी सायकल घेण्याची रीत नव्हती. शाळा तिथे संपली. पाच वर्षांनी माझ्या लग्नात मात्र बाबांनी जावयाला सायकल दिली. ती मी रोज फडक्याने पुसत असे. बसण्याचे कधी मनात आणले नाही.

पुढे माझी थोरली लेक आठवीत गेली, तेव्हा सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून तिला शाळेत सायकल मिळाली. आमच्या घरात बाईमाणसाच्या नावाची अशी ती पहिली वस्तू. लेक त्या सायकलीवर शिकली आणि आता परभणीला परिचारिकेचे शिक्षण घेते. सायकल ओसरीत उभी राहिली. येता-जाता मी तिच्यावर वाळवणाचे कपडे टाकत असे. एक दिवस लेक सुटीला आली आणि म्हणाली, "आई, तिच्यावर गोधड्या वाळवतेस, त्यापेक्षा तूच बस की!"

त्रेचाळिसाव्या वर्षी मी सायकल शिकले. पहाटे, झुंजुमुंजू होण्याच्या आत, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात. लेक मागून धरायची. दुसऱ्या दिवशी पडले, गुडघा सोलला. घरी सांगितले, न्हाणीत पाय घसरला. आत्याबाईंनी तेल-हळद लावून दिली. हे खोटे बोललेले आज सर्वांसमोर कबूल करते. दहाव्या दिवशी लेकीने हात सोडला. मला ते कळलेही नाही. मी एकटीच पुढे चालले होते.

हळूहळू आम्ही चौघी झालो. धाकट्या जाऊबाई, गिरणीच्या ताई, अंगणवाडीच्या ताई आणि मी. दोन सायकली घरच्या, दोन भाच्यांकडून मागून आणलेल्या. घरी कळले तेव्हा आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सायकलीपेक्षा पंजाबी पोशाखाचा त्यांना जास्त राग. पण पाचवारीचा पदर एकदा साखळीत गेला की माणूस थेट रस्त्यावर; तो प्रयोग मी करून पाहिला आहे. आमचे 'हे' मात्र फार बोलले नाहीत. "सांभाळून जा," एवढेच म्हणाले. पुरुषांच्या पारावर त्यांना काय काय ऐकावे लागले ते मला पुढे दुसऱ्यांकडून कळले.

पहिली मोठी फेरी मुदगलची. आपल्याच तालुक्यात गोदावरीच्या पात्रात मुदगलेश्वराचे दगडी देऊळ आहे. पुराच्या दिवसांत ते पाण्याखाली जाते, पाणी उतरले की पुन्हा दिसू लागते. पौषातल्या थंडीत आम्ही पहाटे निघालो. हाताची बोटे गारठून लाकूड झाली होती. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच हरभरा, ज्वारी पोटऱ्यांत आलेली. गंगेच्या काठी पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि त्यातून देवळाचे शिखर तेवढे दिसत होते. काठावरूनच हात जोडले. मुदगलला मी याआधी तीन वेळा गेले होते, प्रत्येक वेळी जीपमध्ये दाटीवाटीने, मांडीवर मूल घेऊन. वाटेत काय आहे ते मला ठाऊकच नव्हते. रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो, कोणत्या ओढ्याला गारवा लागतो, हे जीपमध्ये कळत नाही, पायांना कळते.

परतताना बाभळीच्या सावलीत धपाटी खायला बसलो. अंगणवाडीच्या ताईंना वाचनाचा नाद. त्यांनी आपल्या पाथरीचा जो इतिहास सांगितला, तो ऐकून घास हातातच राहिला. पाथरी म्हटले की आज साईबाबांचे नाव निघते. बाबांचा जन्म इथला अशी आपल्या भाविकांची श्रद्धा आहे, आणि २०२० च्या जानेवारीत त्यावरून केवढा गाजावाजा झाला तो सर्वांना आठवत असेल. पण त्याच्याही फार आधीची गोष्ट आहे. पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यातला एक मुलगा विजयानगरच्या मुलखात बहामनी फौजेच्या हाती सापडला. तो पुढे मलिक हसन या नावाने वाढला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली अहमदनगरच्या निजामशाहीचा पाया घातला. त्या मलिक अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहाकडे होती. आपल्या वाडवडिलांचे गाव म्हणून बुऱ्हाणच्या लोकांनी ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशाहाने नाकारले, तेव्हा १५१८ साली त्यांनी ती लढून घेतली. फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

गिरणीच्या ताई म्हणाल्या, "म्हणजे सुलतानालाबी माहेरची ओढ सुटली न्हाई म्हना!" आम्ही हसलो. पण त्या बोलण्याने माझ्या मनात घर केले. तो तर फौज घेऊन आपल्या गावी आला. आपण बायका सणावाराला, कुणी न्यायला आले तरच जातो. स्वतःच्या पायांनी माहेरी गेलेली मी माझ्या माहितीत एकही बाई पाहिलेली नव्हती.

म्हणून पुढच्या प्रवासाची वाट मी माहेरावरून काढली. रथसप्तमीचे शेवटचे हळदीकुंकू झाले आणि चार दिवसांचा बेत ठरला. पाथरीहून सेलू, सेलूहून वालूरची बारव, आणि पुढे जिंतूर तालुक्यातले चारठाणा. बचत गटाच्या भिशीतून प्रत्येकीने खर्चाला पैसे काढले होते. बरोबर पंप, ठिगळे, सोलुशनची नळी, पाना, मीठ-साखर, आणि भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.

माहेरच्या गावात शिरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बाबा आता थकले आहेत. पारावर बसले होते. चार बाया सायकलीवरून उतरल्या, त्यांत एक आपली लेक, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मी पाया पडले. ते काहीच बोलले नाहीत. उठले, माझ्या सायकलीशी आले आणि मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले. म्हणाले, "हवा कमी हाय." मग भावाला हाक मारून पंप आणवला आणि समोर उभे राहून हवा भरून घेतली.

माहेरहून आठवीच्या शाळेच्या गावी जाणारा रस्ता मी मुद्दाम धरला. ते सहा किलोमीटर. निघताना अंगणवाडीच्या ताईंनी घड्याळ पाहिले होते. शाळेच्या फाटकापाशी उतरलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस मिनिटे." मैत्रिणींनो, अठ्ठावीस मिनिटे! पदरात बांधलेल्या गाठीसारखे तीस वर्षे मी ते अंतर मनात बांधून ठेवले होते. मला ते काशी-रामेश्वराएवढे वाटत होते. आत मुले प्रार्थनेला उभी होती. फाटकाशी मुलींच्या सायकलींची रांग लागली होती. मी त्या मोजल्या. एक्केचाळीस. मी कुणावर रागावले नाही. बाबांवरही नाही. पण पोटात काहीतरी हलले, ते सेलूपर्यंत बसेना.

सेलूच्या अलीकडे आमच्यावर प्रसंग आला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर मागून आला आणि मागची ट्रॉली हेलकावली. जाऊबाई घाबरून रस्त्याखाली उतरल्या आणि पडल्या. मनगट सुजले. सेलूला डॉक्टरांनी पाहिले. हाड मोडले नव्हते, पट्टी बांधून दिली. पण फोन घरी गेला आणि दिरांचा निरोप आला की सगळ्यांनी एष्टीने परत या. त्या रात्री मुक्कामाच्या घरी आम्ही चौघी गप्प बसून होतो. जाऊबाईंना मी नादी लावले, काही कमीजास्त झाले असते तर मी काय तोंड दाखवले असते, हेच माझ्या मनात. मी म्हणाले, "जाऊ परत." तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, "ताई, आज परत गेलो तर पुन्हा कुणालाच पाठवणार न्हाईत. माझा हात दोन दिवसांत बरा होईल, पर हे न्हाई बरं व्हायचं." त्यांनीच फोन घेतला आणि दिरांशी बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही. मी मुद्दाम बाहेर गेले. एक दिवस त्यांनी सेलूला विश्रांती घ्यायची, असे ठरले.

म्हणून वालूरला आम्ही तिघीच गेलो. वालूरची बारव तुम्हांपैकी कुणी पाहिली नसेल तर जरूर पाहा. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बहुतेक बारवांत पायऱ्या सरळ खाली जातात. वालूरला त्या चक्रासारख्या फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. वरून पाहिले तर कुणीतरी दगडाची चकली पाडली असे वाटते. पुष्कळ वर्षे ती गाळाने आणि काटेरी झुडपांनी भरलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, आणि २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रकार्डे काढली, त्यांत तिला मान मिळाला. आम्ही खाली उतरलो, पाण्याला हात लावला, पुन्हा वर आलो. पायऱ्या दमवत नाहीत. घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भरली घागर घेतलेली बाई असावी, असे मला वाटले. इतिहासात राजांची नावे असतात. पण या पायऱ्या कुणाच्या पायांनी झिजल्या, ते आपल्याला सांगावे लागत नाही.

तिसऱ्या दिवशी चौघीही चारठाण्याला निघालो. सेलू सोडून देवगाव फाट्याकडे लागले की रान बदलते. आपल्याकडची सपाट काळी जमीन संपते आणि माळ सुरू होतो. वाळत टाकलेल्या गोधडीसारखी जमीन वरखाली होत जाते. चढ आला की आम्ही खुशाल उतरून सायकल हाती धरून चालायचो. त्यात कमीपणा नाही. आणि उतार आला की काय सांगू! पाय थांबवावेत, वारा कानात भरावा. गिरणीच्या ताई पन्नाशीच्या आहेत. त्या उतारावर मोठ्याने ओव्या म्हणत होत्या. एके ठिकाणी बाभळीचा काटा शिरून माझे चाक बसले. डब्याच्या झाकणात पाणी ओतले, ट्यूब बुडवून बुडबुडे पाहिले, काचकागदाने घासून ठिगळ लावले. एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "ताई, मी करून देऊ का?" जाऊबाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही नुसते पाहा."

चारठाणा हे देवळांचे गाव. यादवांच्या काळची दगडी देवळे, बारव आणि एक उंच कोरीव दीपमाळ तिथे आहे. अशा देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. या बांधणीत चुना वापरत नाहीत. दगडाला खाचा पाडून एकात एक बसवतात आणि वरच्या वजनाने ते घट्ट राहतात. काही देवळे पडली आहेत, काहींचे खांब घरांच्या भिंतींजवळ तसेच उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारी शेणी थापल्या जातात. एका खांबावरच्या कोरलेल्या बाईच्या गळ्यातली माळ आमच्या मोहनमाळेसारखीच होती. जाऊबाईंनी तिच्यावरची धूळ बांधल्या हाताने पुसली.

चौथ्या दिवशी परत निघालो. सेलूपासून पुढे सायकली टेम्पोत टाकल्या, हेही सांगून टाकते. पाय अगदी गळून गेले होते, खोटा मोठेपणा कशाला?

आता अडचणी. चार दिवसांत सर्वांत मोठी अडचण चढाची नव्हती, उन्हाची नव्हती, आडोशाची होती. पुरुष कुठेही थांबतो. बाईने काय करावे? आम्ही पाणी कमी प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी दोघींचे डोके धरले. मग शहाणपण आले. वाटेत घर दिसले की सरळ आत जाऊन घरच्या बाईला विचारायचे. एकीनेही नाही म्हटले नाही. उलट चहा झाला, गूळपाणी झाले, आणि दोन ठिकाणी सुनांनी हळूच विचारले, "आम्हाला येईल का हो सायकल?"

येईल का? तामिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा जिल्हा आहे. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची चळवळ चालली होती, तिच्याबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचे काम सुरू झाले. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी पाठबळ दिले. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अशा एक लाखाहून अधिक बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या; पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते, म्हणून त्याच बऱ्या असेही काही जणी म्हणाल्या. आणि आपल्या महाराष्ट्राची पुण्याची वेदांगी कुलकर्णी; विशीतली पोर, २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून तिने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, १५९ दिवसांत. आपल्याला पृथ्वी नको. आपल्याला मानवत, सेलू, मुदगल पुरे.

शिकायचे असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. खुर्ची इतकीच उंच ठेवा की दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. भीती निम्मी जाते. निघण्याआधी चाक अंगठ्याने दाबून पाहा. उतारावर पुढचा ब्रेक एकटा दाबू नका. उसाचा ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून उभ्या राहा, तो गेला की निघा. मान त्यात आपलाच राहतो. पाणी पीत राहा. एकटीने जाऊ नका, आणि घरी सांगून जा. न्हाणीत घसरल्याची गोष्ट पुन्हा कुणी सांगू नये.

शेवटी आत्याबाईंविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना हे अजून पटलेले नाही. पण त्या चार दिवसांत घरचा स्वयंपाक त्यांनीच केला, गुडघे दुखत असताना. मी परत आले, तेव्हा ताट वाढून दिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकदम विचारले, "चारठाण्याची दीपमाळ अजून उभी हाय का?" मी म्हणाले, "उभी आहे." त्या म्हणाल्या, "लहानपणी बापाच्या बैलगाडीतून पाह्यली होती. पुन्हा जाणं झालं न्हाई." पंचवीस वर्षे मी त्या घरात आहे. त्यांनी चारठाणा पाहिले आहे हे मला त्या दिवशी कळले. या उन्हाळ्याआधी त्यांना तिकडे न्यायचे आहे. सायकलीवर नव्हे, गाडी करून. पण नेणार मी.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर रविवारी पहाटे एक तास आम्ही चौघी शिकवायला तयार आहोत. सायकली दोन देतो. पडायला मोकळे रान आहे, आणि तेल-हळद आमच्या आत्याबाईंकडे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.